आल्बीन ब्रुनोव्स्की आणि स्लोव्हाकियातली माणसाच्या चित्राची गोष्ट

स्लोव्हाकिया आणि चित्रकला म्हटलं की बहुतेकांना एकच नाव आठवतं, अँडी वॉरहॉल, कारण त्याचे आईवडील तिथल्या मिकोवा नावाच्या खेड्यातून अमेरिकेत गेलेले. पण वॉरहॉल वाढला अमेरिकेत, त्याचं सगळं कामही तिकडचंच. मला आज लिहायचंय ते आल्बीन ब्रुनोव्स्की यांच्याबद्दल. ते स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा इथेच शिकले, तिथेच त्यांनी शिकवलं, तिथेच शेवटपर्यंत काम केलं, आणि एक काळ असा होता की त्यांचं काम अख्ख्या देशाच्या खिशात होतं, कारण चेकोस्लोव्हाकियाच्या, म्हणजे चेक आणि स्लोव्हाक एकत्र असलेल्या तेव्हाच्या देशाच्या, शेवटच्या नोटांचं डिझाइन त्यांचं होतं. ते 1997 मध्ये गेले, त्यामुळे अगदी आजचे चित्रकार म्हणता येणार नाहीत, पण आज स्लोव्हाकियात जे कुणी माणसाचं चित्र काढतायत ते एकतर त्यांच्या वाटेवरून आलेत नाहीतर ती वाट मुद्दाम टाळून, म्हणून सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं.

ज्या चित्रात माणूस, जनावर, झाड, घर असं काहीतरी ओळखू येतं ते फिगरेटिव्ह, आणि जिथे नुसते रंग, रेषा, आकार असतात ते अमूर्त, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं कळेल. आता गंमत अशी की बऱ्याच देशांत हा प्रश्न चित्रकाराच्या आवडीचा असतो, स्लोव्हाकियात मात्र तो राजकारणाचा झाला. 1948 च्या फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट पक्षाने सत्ता हातात घेतली आणि लगोलग कलेसाठी सोव्हिएत नियम आले, ज्याला समाजवादी वास्तववाद म्हणायचे. चित्रात माणूस हवाच, पण तो कामगार हवा, शेतकरी हवा, सैनिक हवा, चेहऱ्यावर उत्साह हवा, आणि बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की देश पुढे चाललाय. अमूर्त चित्र काढलंत तर तुम्ही भांडवलदारांच्या नादी लागलेले. म्हणजे माणसाच्या शरीरावर सरकारी शिक्काच बसला म्हणा ना.

ह्याचा एक परिणाम पुढे दहाएक वर्षांनी दिसला. स्टालिन आणि चेकोस्लोव्हाकियाचा कम्युनिस्ट नेता क्लेमेंट गोटवाल्ड दोघेही 1953 च्या मार्चमध्ये काही दिवसांच्या अंतराने मेले, मग हळूहळू दाब कमी झाला, 1957 मध्ये मिकुलाश गालांदा ह्या जुन्या आधुनिक चित्रकाराचं नाव घेऊन तरुणांचा एक ग्रुप उभा राहिला, आणि 1961 पासून ब्रातिस्लावात काही तरुण चित्रकार स्टुडिओमध्येच खाजगी प्रदर्शनं भरवायला लागले, त्यांना कॉन्फ्रोंटात्सिये म्हणायचे. तिथे बहुतेक सगळं अमूर्त होतं, आणि ते अगदी साहजिक आहे हो, ज्या माणसाच्या आकृतीचा इतकी वर्षं पोस्टरसारखा वापर झाला ती आकृती कोण कशाला काढेल? मोकळं व्हायचं असेल तर माणूसच चित्रातून बाहेर काढा, असा तो विचार.

पण सगळ्यांनी असा विचार केला नाही, आणि ब्रुनोव्स्कींची गोष्ट कळायला हवी असेल तर आधी त्यांच्या गुरूंकडे जायला लागतं.

विन्सेंट ह्लोझ्निक, जन्म 1913. दुसऱ्या महायुद्धात स्लोव्हाकिया हे हिटलरच्या आश्रयाने उभं राहिलेलं राज्य होतं, त्या काळात हे ऐन तरुण, आणि युद्धाने माणसाच्या शरीराचं काय होतं हे त्यांच्या चित्रांतून कधीच गेलं नाही. त्यांच्या छापचित्रांमधली माणसं लांबट, ताणलेली, हात वर केलेली, पडणारी असतात. 1949 मध्ये ब्रातिस्लावात ललित कलांची उच्च शाळा सुरू झाली, देशातली मुख्य आर्ट अकादमी, तिथे ह्लोझ्निक 1952 पासून ग्राफिकचा, म्हणजे छापचित्रांचा, विभाग चालवायचे आणि 1960 ते 1964 रेक्टर, म्हणजे अकादमीचे प्रमुखही होते. त्यांनी विद्यार्थ्यांना जे दिलं ते माझ्या मते असं, की माणसाची आकृती सरकारची मालमत्ता नाही, तिच्यात भीती, स्वप्न, वासना, मरण सगळं मावतं, तेव्हा ती सोडून पळू नका, ती परत घ्या. हे त्यांनी असंच्या असं कुठे म्हटलं असा माझा दावा नाही, पण त्यांच्या हाताखालून निघालेल्यांची कामं शेजारी शेजारी ठेवली की हेच दिसतं.

ब्रुनोव्स्की 1955 ते 1961 ह्या काळात ह्यांच्याकडे शिकले. जन्म 25 डिसेंबर 1935 चा, गाव झोहोर. हे गाव ब्रातिस्लावाच्या वायव्येला झाहोरिये नावाच्या सखल भागात आहे, पलीकडे मोरावा नदी आणि नदीच्या पलीकडे ऑस्ट्रिया. मुलगा बारा वर्षांचा होता तेव्हा सत्ता बदलली, आणि मग ती नदी म्हणजे पूर्व आणि पश्चिम युरोपमधली काटेरी कुंपणाची सीमा झाली. पाणथळ कुरणं, पक्षी, किडे, मुळं, गवत, हे सगळं त्यांच्या चित्रांत पुढे इतकं येतं की ह्या गावाचं नाव घेतल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलताच येत नाही.

आता त्यांनी नेमकं काय केलं. त्यांनी माणूस चित्रात ठेवला पण त्याला कुठल्याही कामाला लावला नाही. त्यांच्या चित्रातली बाई ट्रॅक्टर चालवत नाही, झेंडा धरत नाही, ती एक प्रचंड हॅट घालून नुसती असते, आणि त्या हॅटवर अख्खं जग असतं, झाडं, फळं, शिंपले, पक्षी, छोटी छोटी माणसं, कधी पूर्ण डोंगरदरी. हॅटवाल्या बायकांची ही चित्रं म्हणजे त्यांची ओळखच झाली. दुसरीकडे शरीरं झाडाच्या खोडात मिसळलेली, केसांतून मुळं निघालेली, चेहऱ्यावर बुरशीसारखी बारीक नक्षी, आणि सगळं इतक्या बारीक रेषेत की लांबून सुंदर वाटणारी गोष्ट जवळून बघितली की थोडी भीती वाटते. बॉश आणि ब्रॉयगेल ह्या जुन्या डच-फ्लेमिश चित्रकारांची आठवण येते, आणि फळाभाज्यांचे चेहरे करणाऱ्या आर्चिंबोल्दोचीही, जो सोळाव्या शतकात व्हिएन्ना आणि प्राग इथल्या हाब्सबुर्ग दरबारात होता, म्हणजे हा वारसा त्यांच्या अंगणातलाच म्हणायचा.

ह्या चित्रांमध्ये उघड राजकारण शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण ज्या देशात माणसाने चित्रात काहीतरी उपयोगाचं करत राहावं असा आग्रह होता तिथे एक बाई काहीच न करता डोक्यावर जग घेऊन बसलीय, हे मला फार मोठं वाटतं.

हे सगळं ते कशाने करायचे ते जरा नीट सांगतो, कारण त्यांचं मोठेपण तिथेच आहे. ब्रुनोव्स्कींनी पेंटिंगही केलं, पण मुळात ते ग्राफिक आर्टिस्ट, म्हणजे आधी धातूच्या प्लेटवर किंवा दगडावर चित्र तयार करायचं आणि मग त्याचे कागदावर छाप घ्यायचे. दगडावरची पद्धत आपल्याला नवी नाही, तीच शिळाप्रेस, राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला तो ह्याच तंत्राचा. शाई तेलकट असते, दगड ओला असतो, तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे जिथे तेलकट खूण केलीय तिथेच शाई बसते. ब्रुनोव्स्की सुरुवातीला ह्यात उलटं काम करायचे, दगडावर आधी काळं फासायचं आणि मग टोकदार हत्याराने खरवडून त्यातून उजेड काढायचा.

मग मेझोटिंट. हे तंत्र सतराव्या शतकातलं, 1642 मध्ये लुडविग फॉन झीगेन नावाच्या एका जर्मन माणसाने पहिल्यांदा वापरलं. तांब्याची गुळगुळीत प्लेट घ्यायची आणि अर्धगोल पात्याचं, बारीक दात असलेलं एक हत्यार तिच्यावर डुलवत डुलवत फिरवायचं, उभं, आडवं, तिरकं, परत उभं, असं करत करत अख्ख्या प्लेटवर बारीक बारीक काटे उभे राहतात. ह्याला तासन् तास जातात, आणि एवढं करून अजून चित्राला सुरुवातही झालेली नसते. ह्या प्लेटला आत्ता शाई लावून छाप घेतला तर कागद पूर्ण काळा येईल, मखमली काळा, कारण प्रत्येक काट्याजवळ शाई अडकते. आता चित्र काढायचं ते काळ्यातून, खरवडायच्या सुरीने काटे थोडे काढले की राखाडी, जास्त काढले की फिकट, आणि घासून पार गुळगुळीत केलं की तिथे शाई राहतच नाही, म्हणजे पांढरं. काजळी धरलेल्या कंदिलाच्या काचेवर बोट फिरवत गेलं की उजेडाची रेघ उमटत जाते ना, तसं. त्यामुळे ह्या चित्रांमधली बाईची मान किंवा गाल कुठल्याही रेषेने घेरलेला नसतो, तो अंधारातून हळूहळू वर आलेला असतो. त्यावर ब्रुनोव्स्की ॲसिडने कोरलेल्या, सुईने ओढलेल्या केसाएवढ्या रेषा टाकायचे, म्हणून एकाच चित्रात मऊ आणि धारदार दोन्ही मिळतं.

काटे मऊ तांब्याचे असतात, प्रेसच्या दाबाखाली झिजतात, त्यामुळे पहिले छाप दाट आणि नंतरचे फिकट होत जातात आणि जास्त प्रती निघत नाहीत. छापचित्राच्या खाली पेन्सिलने 12/50 असं काही लिहिलेलं दिसतं ते ह्यासाठीच, पन्नासातली बारावी प्रत.

आणि इथे राजकारण परत येतं. 1968 च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत संघाच्या लष्करी गटातल्या, देशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, मोकळीक संपली, आणि पुढची वीस वर्षं ज्या काळाला तिकडे नॉर्मलायझेशन म्हणतात तो सुरू झाला. चित्रकारांच्या संघटनेतून लोकांना काढलं, संघटनेत नाही म्हणजे प्रदर्शन नाही, सरकारी काम नाही. स्वतः ह्लोझ्निकना 1972 मध्ये अकादमी सोडायला लागली. यूलियस कोल्लर, रुडोल्फ सिकोरा ह्यांच्यासारखे कलाकार अधिकृत प्रदर्शनांच्या बाहेर, मित्रांमध्ये, रस्त्यावर, शेतात काम करत राहिले.

अशा वेळी दोन जागा तुलनेने मोकळ्या राहिल्या, छापचित्रं आणि मुलांची पुस्तकं. मोठं तैलचित्र म्हणजे जाहीर भाषण, त्यावर सगळ्यांची नजर असते. पण हाताएवढ्या कागदावरचा छाप ड्रॉवरमध्ये मावतो, पोस्टाने जातो, आणि परीकथेच्या पुस्तकात बाईच्या डोक्यातून झाड उगवलं तर कुणी काय आक्षेप घेणार, परीकथाच आहे. स्लोव्हाकियात पुस्तकाच्या चित्रांना जे स्थान मिळालं ते आपल्याला चकित करणारं आहे. म्लादे लेता ही मुलांच्या पुस्तकांची सरकारी प्रकाशन संस्था देशातल्या पहिल्या फळीच्या चित्रकारांना काम द्यायची, आणि 1967 पासून ब्रातिस्लावात दर दोन वर्षांनी मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरायला लागलं, ते आजही भरतं. पहिल्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार जपानच्या यासुओ सेगावा यांना गेला. म्हणजे बंद सीमांच्या देशात दर दोन वर्षांनी जगभरची चित्रं भिंतीवर लागायची, आणि तिथल्या विद्यार्थ्यांसाठी ही केवढी मोठी खिडकी असेल विचार करा.

ब्रुनोव्स्की ह्या सगळ्याच्या मधोमध होते. स्वतः ढीगभर पुस्तकांना चित्रं काढली, आणि 1966 ते 1990 अकादमीत शिकवलं. त्यांच्या हाताखालून निघालेली नावं बघा, दुशान काल्लाय, कामिला श्तान्त्सलोवा, पेतेर क्ल्यूचिक, कातारीना वाव्रोवा. काल्लायना 1983 मध्ये ब्रातिस्लावाच्या त्याच प्रदर्शनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि 1988 मध्ये हान्स क्रिस्टियन अँडरसन पुरस्कार, जो मुलांच्या पुस्तकांच्या जगात सगळ्यात मोठा मानतात. ह्या सगळ्यांना मिळून लोक ब्रुनोव्स्की स्कूल म्हणतात.

आता नोटा. मला ह्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट हीच वाटते. 1980 च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाने नवी मालिका काढली आणि डिझाइन ब्रुनोव्स्कींचं. 1985 ची हजाराची नोट, तिच्यावर संगीतकार स्मेताना, 1986 ची दहाची, कवी ह्विएझ्दोस्लाव आणि मागे ओरावाचा डोंगराळ प्रदेश, 1987 ची पन्नासची, स्लोव्हाक भाषेला रूप देणारे ल्युदोवीत श्टूर, 1988 ची वीसची, कोमेन्स्की, जे आपल्याकडे बीएडच्या पुस्तकात कोमेनियस म्हणून भेटतात, आणि त्या नोटेच्या मागे पुस्तकातून उगवलेलं झाड. ते झाड बघितलं की कुणीही सांगेल हा माणूस कोण, नोट असली तरी हात तोच. आणि तंत्रही सख्ख्या नात्यातलं आहे बरं का, आपल्या शंभरच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवलं की शाई किंचित उंच लागते, कारण धातूत कोरलेल्या खाचेतली शाई प्रचंड दाबाने कागदावर उचललेली असते. ब्रुनोव्स्कींची छापचित्रं ह्याच तत्त्वावर निघायची.

मालिकेतली शेवटची नोट शंभरची, आणि तिच्यावर क्लेमेंट गोटवाल्ड. म्हणजे तोच, ज्याच्या काळात खोटे खटले चालले, 1952 च्या एका खटल्यात एकाच वेळी 11 जणांना फाशी झाली. ही नोट 1 ऑक्टोबर 1989 ला चलनात आली. लोकांना राग आला, आणि सात आठवडेही झाले नाहीत तर 17 नोव्हेंबरला प्रागमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, पोलिसांनी मारहाण केली, आणि महिन्याभरात राजवट गेली. गोटवाल्डची नोट 1990 संपता संपता चलनातून काढून टाकली.

ह्यावरून कुणी ब्रुनोव्स्कींना सरकारी माणूस म्हणू शकतं, आणि म्हणणारे आहेतही. ते सरकारी अकादमीत प्रोफेसर होते, सरकारसाठी नोटा आणि टपाल तिकिटं केली, त्यांच्यावर बंदी नव्हती, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला गॅलरीचं दारही उघडत नव्हतं. हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. पण नोटेवर कुणाचा चेहरा घ्यायचा हे चित्रकार ठरवत नाही, आणि चोवीस वर्षं विद्यार्थ्यांच्या एकामागून एक पिढ्यांना त्यांनी जे शिकवलं त्यात माणसाला पोस्टर करायची एकही खूण सापडत नाही. मला ह्या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवाव्याशा वाटतात, एक घेऊन दुसरी सोडून दिली तर त्या काळातल्या कलाकारांची परिस्थितीच कळणार नाही.

त्यांच्यावर दुसरी टीका होते ती मला जास्त पटते. हे बारीक काम इतकं देखणं आहे की बघणारा नुसत्या देखणेपणावर थांबतो, आणि मागून आलेल्या काहींनी तर फक्त हॅट, पिसं, फुलपाखरं उचलली, आतला अंधार राहूनच गेला. गुरूचा हात इतका ओळखीचा असला की शिष्यांना त्यातून बाहेर पडायला फार कष्ट पडतात, काल्लाय पडले, सगळे नाही पडले.

1 जानेवारी 1993 ला देशाचे दोन तुकडे झाले, फेब्रुवारीत चलनही वेगळं झालं, पण नव्या नोटा छापायला वेळ होता. मग काय केलं, तर जुन्या नोटांवर दोन्ही देशांनी आपापली छोटी तिकिटं चिकटवली. म्हणजे ब्रुनोव्स्कींचा तोच स्मेताना, एक तिकीट लावलं की चेक पैसा आणि दुसरं लावलं की स्लोव्हाक. पुढे स्लोव्हाकियाच्या स्वतःच्या नोटा आल्या, त्यांचं डिझाइन योझेफ बुबाक यांचं, आणि 2009 पासून तिकडे युरो चालतो.

ब्रुनोव्स्की जानेवारी 1997 मध्ये गेले, वय 61. त्यांचे गुरू ह्लोझ्निक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये.

नंतरच्या पिढीने माणसाची आकृती वेगळ्याच बाजूने धरली. दोरोता सादोव्स्का, जन्म 1973, संतांची चित्रं काढते पण चर्चमधल्यासारखी नाहीत, एकरंगी, बऱ्याचदा पिवळ्या पार्श्वभूमीवर तरंगणारी शरीरं, आणि आपण त्यांच्याकडे वरून बघतोय अशा कोनातून, त्यामुळे डोकं मोठं आणि पाय एवढेसे. ह्यात ब्रुनोव्स्कींची बारीक रेघ अजिबात नाही, सगळी सजावट काढून टाकलेली. आंद्रेय दुब्राव्स्की, जन्म 1987, सशाचे कान लावलेली तरुण मुलं रंगवून नावारूपाला आला, पातळ रंग, मोठे कॅनव्हास, भरभर मारलेला ब्रश, आणि पुढे त्याच्या चित्रांत सुरवंट आणि निसर्गाची नासाडी आली. माणूस आणि किडा एकाच चित्रात म्हटलं की मला तरी झोहोरच्या कुरणांची आठवण येते, त्याच्या मनात तसं काही असो नसो.

हे सगळं बघायला ब्रातिस्लावाला जायला हवं असं नाही. स्लोव्हाक नॅशनल गॅलरीने तिथल्या अनेक सार्वजनिक गॅलऱ्यांचा संग्रह वेब उमेनिया नावाच्या साइटवर ठेवलाय, फुकट आहे, इंग्रजीतही आहे, आणि बऱ्याच चित्रांवर पार आतपर्यंत झूम करता येतं. आधी ह्लोझ्निक शोधा, मग ब्रुनोव्स्की, मग काल्लाय, ह्याच क्रमाने, आणि प्रत्येकाचं एक एक छापचित्र घेऊन फक्त माणसाच्या चेहऱ्याभोवती बघा, तिथे रेघ आहे की नुसता उजेड आहे. मोबाईलवर नका बघू, मोठा स्क्रीन घ्या, कारण ब्रुनोव्स्कींच्या चित्रात कोपऱ्यातला किडासुद्धा पूर्ण काढलेला असतो आणि लहान स्क्रीनवर तो नुसता डाग दिसतो.